खिडकीचा गज

रजा निम्मी सरली तरी ठमी अजून आईच्या मांडीवर बसली नव्हती.

आई सैन्यात इंधनाच्या कामावर होती. हेलिकॉप्टरांच्या तळावर टँकर आला की काचेच्या बाटलीत तेलाचा नमुना काढायचा, उजेडात धरून न्याहाळायचा, बुडाशी पाण्याचा एक थेंब जरी दिसला तरी सगळं थांबवायचं, आणि सारं चोख असेल तरच तेल पुढे सोडायचं. तिच्या हाताखालची माणसं तिला टरकून असत. कुणी तपासणीत चालढकल केली की ती आवाज न चढवता त्याची अशी हजेरी घेई, की यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असं त्याला होऊन जाई. आणि हीच बाई जेमतेम बालवाडीत जाणाऱ्या लेकीपुढे हात टेकून बसली होती.

ठमी काही वाईट वागत नव्हती. आईने आणलेली बाहुली तिने घेतली, खाऊ घेतला, विचारलं तर उत्तरही दिलं. पण आईने जवळ घ्यायला हात पुढे केले, की अंग चोरून ती बाबाच्या शिलाई मशीनमागे जाऊन उभी राही. पुन्हा तळावर जायचं ते असंच, लेकीला एकदाही कुशीत न घेता, या विचाराने आईला घास गोड लागत नव्हता.

"वेळ लागतो गं," बाबा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला. तो शिंपी, घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. "आल्या आल्या गळ्यात पडायला ती काय सिनेमातली पोर आहे?"

"तुझ्या गळ्यात तर दिवसभर लोंबकळते."

"मी म्हणजे घरातलं कपाट. कपाटाला कोण लाजतं?"

आई हसली खरी, पण डोळे भरून आले म्हणून टॉवेलांच्या घड्या करायचं निमित्त काढून आत गेली.

ठमी मशीनखाली चिंध्या गोळा करत होती. बाबाने सहज विचारावं तसं विचारलं, "आईकडे का जात नाहीस गं तू?"

"तिला मी घाण वाटते."

मशीनचं चाक थांबलं. "असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला दिसतं ना. मला घ्यायच्या आधी ती खिडकीच्या गजाला हात लावते. मग थांबते. मग मला ये म्हणते. तू नाही असं करत."

आत आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. खरंच की! आपण असं काही करतो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती बाहेर आली आणि ठमीपासून जरा लांबच, जमिनीवर बसली. बाबाची प्लॅस्टिकची पट्टी घेतली, लोकरीच्या कापडाच्या तुकड्यावर खसाखसा घासली आणि फरशीवर पडलेल्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यांवर धरली. तुकडे टुणकन उडून पट्टीला चिकटले.

ठमी मशीनखालून अर्धी बाहेर आली. "जादू?"

"जादू नाही, वीज. एवढीशी. कपडे एकमेकांना घासले की आपल्या अंगातही साचते. इथे तिने काही बिघडत नाही, फार तर चिमटा बसतो. पण तेलापाशी तेवढी ठिणगीसुद्धा पुरते, सगळं पेटतं. म्हणून आम्ही तेलाजवळ जायच्या आधी जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबाला हात लावतो. अंगातली वीज जमिनीत निघून जाते."

ठमीने विचार केला. "मी तेल आहे?"

"नाही गं बाई."

"मग?"

"खूप जपायचं असतं ना, अशा कशाजवळही जाताना माझा हात आपोआप लोखंडाकडे जातो. मला कळतसुद्धा नाही."

"बाबाचा नाही जात."

"बाबा दिवसभर लोखंडालाच चिकटलेला असतो," बाबा मशीनवर थाप मारत म्हणाला. "माझ्या अंगात वीज कुठली राहायला!"

ठमीला ते पटलं असावं. पण तिचं समाधान झालं नव्हतं. "आई, तू आत्ता इथे आहेस. मग तिकडे तेल कोण भरतंय?"

"एक काका आहेत. मोठ्या मिशांचे."

"ते लावतात आधी हात?"

"लावतात तर."

"विसरले तर?"

"नाही विसरत. मीच शिकवलंय त्यांना."

ठमीने हातातल्या चिंध्या खाली टाकल्या. उठली, आईच्या मांडीवर येऊन पाय पसरून ऐसपैस बसली आणि पट्टी तिच्या हातात देत म्हणाली, "मग राहा तू. आणि ते परत कर."

आईने लोकर घेतली. पण ठमीचे केस तिच्या ओठांना लागत होते आणि तिचं लक्ष पट्टीकडे नव्हतंच. पट्टी नुसतीच फिरत राहिली, एक दोरा उडेल तर शपथ.

"अगं, जोरात घास ना," ठमी म्हणाली.