रॉली डुडेकचा उजवा बूट

मित्रांनो, मी बूट आहे. जोडी नव्हे, एकटाच, आणि तोही उजव्या पायाचा. माझ्या शेजारी डाव्या पायात दर वर्षी नवा गडी यायचा, रंगीत, हलका, नखरेल. नाताळ येईपर्यंत त्याचे टाके उसवलेले असायचे. मी मात्र रॉली डुडेकची सगळी कारकीर्द पाहिली. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. पण माझी स्तुती करायला दुसरा बूटच उरला नाही, त्याला मी काय करू?

रॉली हा इरी शहराच्या ‘डॉकर्स’ संघाचा किकर. आमच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळतात, चिखलात लोळतात, आणि एवढे करूनही पुढे सरकता येईना, की मग सडपातळ रॉलीला हाक मारतात. त्याने लाथ मारून चेंडू दोन उंच पिवळ्या खांबांमधून घालवला, की तीन गुण. नाही गेला, तर गावभर उद्धार.

रॉलीने मला मुद्दाम एक नंबर लहान घेतला होता. मी पायाला घट्ट बसावा म्हणून त्याने मला पायात चढवले आणि घरच्या टबात गरम पाणी सोडून तसाच बसून राहिला. त्याची बायको जोलीन दारात उभी राहून बघत होती.

“घरात इतक्या खुर्च्या आहेत, आणि तू बूट घालून टबात काय बसलायस?”

“तो माझा पाय शिकतोय.”

“मग लगे हाथ भांडी घासायलाही शिकव त्याला. तू काही शिकला नाहीस.”

मी त्याच्या पायावरच वाळलो. अंगठ्याचे उंच हाड, कडेचे घट्टे, सगळे माझ्या कातड्यात उतरले. पुढे माझा तळ दोनदा बदलला, नाड्या किती बदलल्या ते आठवत नाही, पण वरचे कातडे तेच राहिले. दर सोमवारी रॉली मला मांडीवर घेऊन तेल चोळायचा. रविवारी इरी सरोवरावरून बर्फ उडत यायचा, मैदानाबाहेर उभ्या मोटारींच्या मध्ये सकाळपासून शेगड्यांवर सॉसेज भाजले जायचे, आणि मैदानात हजारो लोक आमच्या नावाने ओरडायचे. त्या दिवसांत मला कुणाची भीती वाटली नाही.

आता अ‍ॅमस बीझलीबद्दल सांगतो. तो संघातला राखीव खेळाडू. इतर वेळी बाकावर बसलेला असायचा, पण किकच्या वेळी चेंडू धरायला तोच लागायचा. तो गुडघा टेकून बसे. पुढच्या गड्याने मागे फेकलेला चेंडू झेलून त्याने तो टोकावर उभा करायचा, आणि चेंडूच्या एका अंगाला असलेली जाड दोऱ्यांची शिवण खांबांच्या दिशेला फिरवायची. हे सगळे एका शिंकेपेक्षा कमी वेळात. शिवण माझ्याकडे राहिली, तर माझा फटका तिच्यावर बसतो आणि चेंडू डावीकडे वळतो. आठ वर्षांत अ‍ॅमसने ती एकदाही माझ्याकडे राहू दिली नव्हती. तरी वर्तमानपत्रात त्याचे नाव कधी आले नाही. चेंडू धरणाऱ्याकडे बघतो कोण?

मग एका नोव्हेंबरमध्ये लागोपाठ दोन रविवारी रॉलीची किक डावीकडून बाहेर गेली. दोन्ही वेळा शिवण माझ्या अंगावर घासली होती. मला कळले, म्हणजे रॉलीलाही कळलेच. सामन्यानंतर पत्रकारांनी त्याला घेरले.

“रॉली, झालं काय?”

“पाय माझा, चूक माझी.”

“चेंडू नीट धरला होता ना?”

“उत्तम धरला होता.”

किकर लोकांची ही रीतच आहे. धरणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, मग नोकरी गेली तरी चालेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बुटाला जीभ असली तरी बोलता कुठे येते?

आमच्याकडे मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते. ज्याच्यावर कोचची खप्पामर्जी असेल, त्याच्या जागी कुणी मिळतो का, हे त्याच दिवशी बाहेरची मुले बोलावून पाहतात. त्या मंगळवारी रॉली मला बगलेत घेऊन खिडकीशी उभा होता, आणि खाली सरावाच्या मैदानावर नवे किकर ओळीने चेंडू उडवत होते. कोच हॅगर्टी मागून आला.

“रविवारी एक चुकली, की सोमवारी कपाट रिकामं कर. आणि आधी ते खेटर बदल!”

“कपाट करतो, कोच. बूट राहू द्या.”

नाचता येईना अंगण वाकडे हे मी ऐकले होते. इथे तर नाचणाऱ्यासकट त्याच्या पैंजणांवरही लोक उठले होते.

रविवार उजाडला. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी मागे, आणि किक लांबची. रॉली कडेला पाय झाडत होता. इतक्यात अ‍ॅमस जवळ आला आणि त्याने हातमोजा काढला. उजव्या हाताचे मधले बोट सुजून वांग्यासारखे जांभळे झाले होते.

“मोडलंय रे. चेंडू फिरवता येत नाही. डॉक्टरला दाखवलं असतं तर घरी बसवलं असतं, आणि यंदा माझा करार संपतोय.”

“माहितीये मला.”

“माहितीये? मग बोलला का नाहीस? तुझी नोकरी जायची वेळ आलीये, येड्या!”

“आठ वर्षं तू नीट धरलंस,” रॉली म्हणाला, “तेव्हा कुठे तुझं नाव घेतलं मी? आता कुठल्या तोंडानं घेऊ?”

अ‍ॅमस वळला. मग सरळ कोचपुढे जाऊन म्हणाला, “कोच, त्या दोन्ही किक माझ्यामुळं गेल्या. हे बघा बोट. आज दुसऱ्या कुणाला तरी बसवा.”

“आत्ता सांगतोयस? आत्ता?” कोचचा चेहरा लालभडक झाला.

“दुसरा नको,” रॉली मध्ये पडला. “अ‍ॅमस, फिरवू नकोस. येईल तसा टेकव आणि घट्ट धर. न फिरवता शिवण माझ्याकडेच येते, हे मी दोनदा पाहिलंय. बाकीचं आम्ही बघतो.”

आम्ही म्हणाला तो! म्हणजे तो आणि मी.

रॉलीने नेम उजव्या खांबाच्याही बाहेर धरला. प्रेक्षक ओरडले, “अरे, आंधळा झाला का हा!” चेंडू आला, अ‍ॅमसने दात आवळून तो टेकवला. शिवण माझ्याकडेच होती. मी तिच्यावर असा बसलो, की माझा पुढचा टाका फाटला. चेंडू उजवीकडे बाहेर चालला, चालला, आणि मग घरची वाट आठवल्यासारखा डावीकडे वळून खांबांच्या आत शिरला. अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली.

पत्रकार धावत आले. रॉलीने रीत मोडली.

“माझं नाव खूप लिहिलंत. आज अ‍ॅमस बीझलीचं लिहा. आठ वर्षांचं एकदम लिहा.”

ते छापून आले. तरी वसंतात संघाने अ‍ॅमसचा करार वाढवला नाही. रॉली आणखी पाच वर्षे खेळला, डोक्यावरचे केस उडेपर्यंत. मी ताठ मानेने त्याच्या पायात होतो. पण निवृत्त झाल्यावर त्याला माझ्याकडे बघवेना. त्याने मला गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवले. तिथे मला बुरशी आली, कातडे तडकले, आणि एका उंदराने माझी जीभ कुरतडली. ज्याने दर सोमवारी मांडीवर घेतले, त्यानेच विसरावे, याचे मला फार वाईट वाटले.

मग संघाच्या कचेरीतून फोन आला. त्यांना मी काचेच्या कपाटात हवा होतो. रॉली म्हणाला, “तो माझ्या एकट्याचा नाहीये.” दुसऱ्याच दिवशी मला पिशवीत घालून तो अ‍ॅमसच्या घरी गेला.

अ‍ॅमसने मला उलटेपालटे करून पाहिले. “काय दशा केलीस रे याची! तेल आहे का घरात?” तो बायकोला ओरडून विचारत होता, आणि डोळे पुसत होता.

आता मी त्याच्याकडेच असतो. त्याचे ते बोट सरळ झालेच नाही. त्याच वाकड्या बोटाने तो मला तेल लावतो.

मित्रांनो, चामड्याला वेळच्या वेळी तेल लावा, ते तुम्हाला पुरून उरेल. आणि तुमची किक खांबांमधून जावी म्हणून रोज कुणीतरी गुडघा टेकून बसलेले असते. सगळे सुरळीत चाललेले असते, तेव्हाच त्याचे नाव घ्या. त्याचे बोट मोडेपर्यंत थांबू नका.