पाण्याला लावू नका

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माझी बायको गोजरबाई लग्न झाल्यापासून म्हणत आली. मला राग यायचा. तिचं एकदा जरी ऐकलं असतं, तर उकंडराव समोरून येताना दिसला की मला गल्ली बदलावी लागली नसती.

जळगाव जामोदच्या बाजारात आमचं सोनाराचं दुकान. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, पण खेड्यातल्या माणसाला नागपूर कुठलं दिसायला! त्याचं सरकार म्हणजे गावचा पोलीस पाटील. असाच एक महादेवराव पाटील वरवट बकालकडच्या एका खेड्यातला. गावाचं नाव सांगत नाही.

एका सकाळी तो दुकानात आला आणि रुमालातून चिंचपेटी काढून माझ्यापुढे ठेवली. बघताक्षणी ओळखली. माझ्या वडिलांच्या हातची होती ती. सोन्याच्या पाच पेट्या, प्रत्येकीत मधे माणिक आणि दोन्हीकडे पाचू. आता तसे खडेही मिळत नाहीत आणि तसं कोंदण करणारे हातही राहिले नाहीत. महादेवरावच्या लग्नात त्याच्या बायकोसाठी, सत्यभामेसाठी घडवलेली.

"एक माणिक हालून राह्यला," तो म्हणाला. "पक्का करून दे. उकंडरावच्या पोरीले घालाची हाय. आन् सत्यभामेचा एक टाक बी घडव."

दुसरेपणावर आलेली बायको पहिलीची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालते, म्हणजे गेलेली सवत त्रास देत नाही. त्यात नवल नव्हतं. सत्यभामा जाऊन पाच महिने झाले होते. सात वर्षांत मूल नाही. सणाच्या दिवशी नटूनथटून विहिरीला हळदीकुंकू वाहायला गेली आणि पाय घसरला. माहेरी गेली असेल म्हणून दोन दिवस कुणी विहिरीत डोकावलं नाही. तिसऱ्या दिवशी महादेवरावच्याच गड्यांनी तिला वर काढलं आणि पंचनामाही त्यानंच लिहिला: अंगावर सगळे दागिने, गळ्यात चिंचपेटी. त्या एका ओळीवर सगळ्यांचं समाधान झालं. जीव द्यायला निघालेली बाई दागिने उतरवून ठेवते, मारणारा काढून घेतो. अंगावर दागिने म्हणजे पायच घसरला असणार.

दुपारी मी माणिकाचं कोंदण उकललं. अशा खड्याखाली आम्ही चांदीचा पातळ, चकचकीत पत्रा बसवतो. त्याला डांक म्हणतात. खड्याला तेज येतं ते त्या डांकेमुळे. पण डांकेचं आणि पाण्याचं हाडवैर. पाणी आत शिरलं की ती काळी पडते आणि खडा मेल्यासारखा दिसतो. म्हणून दागिना हातात देताना आम्ही प्रत्येक नवरीला बजावतो, पाण्याला लावू नका. माझ्या वडिलांनी सत्यभामेलाही बजावलं होतं.

माणिक उचलला तर खालची डांक आरशासारखी लखलखीत. मी दुसरं घर उघडलं, तिसरं उघडलं. पंधराच्या पंधरा डांका माझ्या वडिलांनी बसवल्या होत्या तशाच. तीन दिवस विहिरीत राहिलेली चिंचपेटी अशी असूच शकत नाही. म्हणजे पंचनाम्यातली ती ओळ खोटी होती.

गोजरबाईला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीच. "आत्ताच्या आत्ता उकंडरावच्या घरी जा. पोर वाचवा. अन् पाटलापुढे एक अक्षर बोलू नका."

उकंडराव काही परका नव्हता. आमच्या दुकानासमोर तो वांगी-मिरच्यांची पाटी घेऊन बसायचा, उन्हात आमच्या ओट्यावर येऊन टेकायचा. त्याची पोर कोकिळा लहानपणी माझ्या फुंकणीशी खेळायची. तरी मी गेलो नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाटलाशी वैर कोण घेणार, असं मनाला सांगितलं. खरं सांगू? मला वाटलं, आपण पाटलालाच सुनवावं. एकाला तरी कळलंय हे त्याला कळलं की तो पोरीला हात लावायला धजणार नाही. आणि आपली विद्या पाजळायची खाजही होतीच.

पाटील दागिना न्यायला आला तेव्हा मी म्हणालो, "पाटील, एक इचारू? तीन दिवस पाण्यात होती म्हंता, मंग डांक काळी कशी नाई पडली?"

चिंचपेटी उजेडात धरून त्यानं सावकाश फिरवली. मग अगदी साधेपणानं विचारलं, "किती दिवसात पडते काळी?"

"तीन दिवस तं लय झाले. येका रातीतच पडते."

सोनाराला सोन्याचं काही विचारलं की उत्तर तोंडातून आपोआप येतं. मीही ते ऐटीत दिलं. पाटलानं मान हलवली, टाक आणि चिंचपेटी रुमालात बांधली आणि गेला. त्याचा चेहरा उतरला होता असं मी गोजरबाईला सांगितलं. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

लग्नाआधी कोकिळा आईबरोबर दागिना दाखवायला आली. गळ्यात माणिक नुसते पेटले होते. टाकावर बोट ठेवून तिनं विचारलं, "काका, ह्या सत्यभामाबाई का?"

"हाव," मी म्हणालो. "चिंचपेटी पाण्याले लावू नको, माय."

"नाई लावणार," ती हसून म्हणाली.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. कोकिळेची कूस उजवली नाही हे कानावर आलं की मला सत्यभामेची सात वर्षं आठवायची. तरीही मी गप्पच. मनात म्हणायचो, पाटील घाबरलाय.

तिसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर पाटील आला. मागे दोन पंच, आणि त्यांच्या मागे, डोईवर पटका नसलेला उकंडराव. पाटलानं ओला रुमाल माझ्यापुढे ठेवला.

"कोकिळा हिरीत पडली," तो म्हणाला. "तिसऱ्या दिशी सापडली. हे उकंडराव म्हंतात, कोनी ढकललं. दागिने बी मेल्यावर घातले म्हंतात. तुले यातलं कळते ना शालिग्राम? खडे उघड. पंचाइपुढं सांग."

मी चिमटा घेतला. पहिला माणिक उचलला. खाली डांक काळी ठिक्कर. दुसरी काळी. पाचूखालची काळी. पंधराच्या पंधरा.

पाटील माझ्याकडे पाहत होता. त्याला काय पाहायचं होतं ते मला कळत होतं. आतल्या दारात गोजरबाई उभी होती. तीही माझ्याकडेच पाहत होती. डांक पाण्यात होती एवढं खरं. पण कुणी बुडवली आणि बुडवायला हवी हे कुणी शिकवलं, तेही त्याच तोंडानं सांगायला हवं होतं.

"शालिग्रामभाऊ," उकंडराव म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "तू आमच्या घरचा हायेस. पोरीच्या गळ्यात होती का ही? तिचा पायच घसरला का?"

माझ्या तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं.

"हाव," मी म्हणालो. "तीन दिवस पाण्यात होती."

पंचांनी लिहून घेतलं, मी खाली सही केली. उकंडरावनं डोळे पुसले आणि मला हात जोडले.