बशीतलं रक्त

इंझोरीच्या पारावर त्या सकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. शहात्तर सालची गोष्ट. कुठलासा धुपारेबाबा म्हणे क्षयाची सावली उतरवत होता! त्याच्यापुढं पंचफुला बसली होती.

अकरा महिने ती क्षयाच्या गोळ्या घेत होती. खोकला थांबला, अंग भरलं, थुंकी साफ आली. तरी दिवस कलला की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. ‘आला वाटते परत!’ डॉक्टर म्हणाले होते, "हा धसका आहे. मोठ्या आजारातून उठलेल्याला होतो. गोळ्या मात्र सोडू नका. सोडल्या तर जिवावर बेतेल." पण धसका काही जाईना, आणि असल्या भेदरलेल्या जिवांवरच तर बाबाचं पोट चालायचं.

"रोग गेला, सावली राह्यली!" बाबा गरजला. "डाक्टरच्या फोटोत सावली दिसते का? भर भंडाऱ्याची चूळ!"

पंचफुला हळदीचं पाणी घोळवून पांढऱ्या बशीत थुंकली. लालभडक!

"रगत!" गर्दी ओरडली. पंचफुलाला आपली दोन लेकरं आठवली.

"गोयाच भोवल्या! फेक नदीत, माझा अंगारा खाय!"

तिनं कमरेची गोळ्यांची पुडी सोडलीसुद्धा. तेवढ्यात तिची सासू चतुराबाई पुढं घुसली. कुंकू सगळ्याच लावतात. चतुराबाई ते घरी करून पोहरादेवीच्या यात्रेत विकायची. तिनं बशीच्या काठावर बोट फिरवलं, चिमटीत चोळलं. चुना!

"काहो बाबा, हयदीत चुना पडला का लालभडक होते, थे मले शिकवता? तीस वर्सं झाली, कुकूच करून राह्यली मी!" तिनं बाबाच्याच झोळीतली दुसरी बशी काढली. "आता तुमी भरा चूळ."

"मी? मी तपस्वी..."

"मंग भेता काहून?"

लोकांनी धरलाच. बाबा थुंकला. लालभडक!

"ओ माय, बाबालेच टीबी!" कोणीतरी ओरडलं. बाबा झोळी टाकून मंगरूळपीरच्या एस.टी.मागं धावत सुटला.

पंचफुलाची छाती मात्र अजून धडधडत होती. "आत्याबाई, भेव तं जाऊनच नाई राह्यलं वो."

"नाई जाणार एवढ्यात. भेव वाटलं का मले सांग, डाक्टरले सांग. पण गोई खाय."

भर पारावर पंचफुलानं गोळी गिळली.

बाबांनो, दुखण्यातून उठलेलं माणूस घाबरतंच. त्याला धीर द्या, दवाखान्यात न्या. आणि कोणी बशी पुढं केलीच, तर आधी त्यालाच थुंकायला लावा.