अर्धा फेरा ढिला

कपाट आलं ते एका चपट्या खोक्यात. रत्नप्रभाबाईंनी हॉलच्या फरशीवर खोकं उघडलं, फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि चष्मा लावून आतला कागद पाहिला. त्यावर चित्रंच होती. पहिल्या चित्रात एकटा माणूस काढून त्याच्यावर फुली मारलेली. शेजारी दोन माणसं, हसरी.

खोक्यातली वाकडी षटकोनी किल्ली करंगळीएवढी होती. दोन-चार स्क्रू पिळले तोवर बोटांवर वळ उठले. दांडा जितका आखूड तितका जोर जास्त लागतो, हे बाईंनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं होतं. त्यांनी पर्स उचलली आणि जयपुरातल्या वैशाली नगरच्या बाजारातलं हार्डवेअरचं दुकान गाठलं.

"ड्रिल मशीन ले जाइए आंटीजी, फटाफट हो जाएगा."

"नहीं. भूसे का बोर्ड है, चूडी कट जाएगी."

भुशाच्या फळीतले आटे मशीनने जातात हे दुकानदारालाही ठाऊक होतं; मान डोलावून त्याने ड्रिलचा खोका मागे सरकवला. बाईंनी एकेक हत्यार हातात तोलून पाहिलं. टीसारखी आडवी मूठ असलेली लांब किल्ली घेतली. दर फेऱ्याला उचलावा न लागणारा स्क्रूड्रायव्हर घेतला. फळ्यांच्या कडा उडू नयेत म्हणून रबरी हातोडी घेतली.

"और?"

"क्लॅम्प. दो."

"वो तो मिस्त्री लोग ले जाते हैं. घर में कोई पकड लेगा ना एक तरफ से?"

"क्लॅम्प दीजिए," बाई म्हणाल्या. "रबरवाले."

त्याने धूळ पुसून फळ्या आवळून धरणारे ते दोन क्लॅम्प पिशवीत टाकले.

एक बाजू धरणं हे तर बाईंचंच काम होतं. त्यांचे यजमान राजन बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. खंडवा, बिलासपूर, कोटा. प्रत्येक घरात पलंग आणि टेबल सुटे होऊन यायचे आणि पुन्हा उभे राहायचे. राजन पाना फिरवायचे. "धर गं, हलू देऊ नकोस!" सगळं झालं की प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा उलटा फिरवायचे. "गच्च आवळू नये. सोडताना आपल्यालाच जड जातं." त्यामुळे त्यांचा पलंग कुठल्याही गावात कुरकुरायचा. कूस बदलली की कळायचं, शेजारचा माणूस जागा आहे.

जयपूरची बदली शेवटची. निवृत्तीला टेकल्यावर हा फ्लॅट घेतला आणि पुस्तकांच्या पेट्या उघडायच्या आतच राजन गेले. पेट्या अजून तशाच होत्या.

बाईंनी कामाला हात घातला तोच पुण्याहून मैथिलीचा फोन आला.

"आई, तू खरंच कपाट घेतलंस? मतलब, दिवाळीपर्यंत इकडे यायचं ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलंय."

"पेट्या तर बांधलेल्याच आहेत. ट्रकमध्ये टाकल्या की झालं! तिथे आहे कोण तुझं?"

बाईंनी फोन खांद्याशी धरून एक फळी आडवी ठेवली.

"आणि एकटीने जोडतेयस? शेजारच्या भैयांना तरी बोलव."

"क्लॅम्प आणलेत."

"क्लॅम्प!" मैथिली हसली.

क्लॅम्प खरंच गुणी निघाले. हात अवघडला म्हणाले नाहीत, मध्येच चहा मागितला नाही. काम इतकं भराभर झालं की बाई जराशा नाराजच झाल्या. अख्खा रविवार त्यांनी या कपाटासाठी राखून ठेवला होता. दुपार तशीच्या तशी उरली.

कपाट उभं करून त्यांनी हलकेच ढकललं. ते डुललं.

त्यांनी किल्ली लावून एक स्क्रू तपासला, मग दुसरा. सगळे अर्धा फेरा ढिले. फळ्यांच्या कोनापर्यंत सगळं काटेकोर पाहिलं होतं. हे मात्र हाताने आपसूक केलं होतं, राजनसारखं.

त्या जुन्या पलंगाचं सागवान असा ढिलेपणा सोसतं. भुशाची फळी सोसत नाही. आणि एकदा पुरतं आवळल्यावर ही फळी पुन्हा सुटी करायला गेलं की भोकं भुगा होऊन जातात. म्हणजे आवळलं तर हे कपाट ट्रकमध्ये चढणार नव्हतं.

किल्ली हातात धरून बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. पुण्यात माणसांची जाग असेल, कुकरच्या शिट्ट्या असतील, नातू अभ्यासाला जवळ बसेल. इथे मैथिलीचा फोन सोडला तर मराठी शब्द कानावर पडत नव्हता. पण तिथेही कुणाच्या तरी घराची एक बाजू धरून उभं राहायचं होतं.

त्यांनी पहिला स्क्रू पूर्ण आवळला. मग एकेक करत सगळे. शेवटच्या स्क्रूला डावा हात सवयीने पलीकडची फळी धरायला गेला. तिथे क्लॅम्प होता. हात मागे घेऊन त्यांनी अर्धा फेरा पुरा केला.

मग त्यांनी आपणहून फोन लावला.

"झालं कपाट."

"अरे वा! मग दिवाळीत तेही आणू ट्रकमधून."

"नाही यायचं ते. सुटं केलं तर तुटेल."

"आई, गच्च आवळलंस?"

"हो."

"बाबा ओरडले असते." मैथिलीचा आवाज बारीक झाला होता.

"ओरडले असते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी पहिल्या पेटीची सुतळी कापली. पुस्तकं लावून झाली तेव्हा कपाटाला खांदा देऊन पाहिलं. ते हललं नाही. जराही कुरकुरलं नाही.