शिवलेली पाने

माझ्या मुलाने, देवव्रताने, द्वारका चौकाजवळ निखाऱ्यांवर भाजलेल्या पदार्थांचे उपाहारगृह काढले, ते दोन हजार सहा सालच्या दसऱ्याला. मुंबईत लोक टेबलाच्या मधोमध शेगडी ठेवून स्वतः सळ्या फिरवीत जेवतात, तसे नाशकातही व्हावे, अशी त्याची फार इच्छा होती. एका दालनात पनीर, मक्याची कणसे आणि अननस. दुसऱ्यात कोंबडी आणि मटण. आमच्या घरी सात पिढ्यांचे तीर्थोपाध्येपण. मी उद्घाटनाला गेलो नाही. भांडण असे झाले नाही. परंतु त्या दिवसापासून एका छपराखाली राहणाऱ्या बापलेकांत कामापुरतेच बोलणे उरले.

तिकडच्या वार्ता मला पूजेच्या फुलांबरोबर कळत. मखमलाबादचे भिमाजी रोज सकाळी शेवंती आणि झेंडू घेऊन येत.

"गुरुजी, काल जाऊन आलो देवबाच्या हाटेलात. कोंबडी लय ब्येस."

"मला कशाला सांगता, भिमाजी?"

"तुमाला नाय तर कोणाला? पण आमची मंडळी म्हनली, पैसे आपण द्यायचे आन् भाजायचं बी आपणच. मग आचारी काय वाती वळतो का तिथं?"

मी हसू आवरून फुले मोजून घेतली.

दीड वर्षाने, चैत्रात, देवव्रत एक जाड वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. जेवून जाणाऱ्यांनी आपला अभिप्राय लिहावा म्हणून ती तिथे ठेवलेली होती आणि तिची शिवण उसवली होती.

"अण्णा, बाजारात कोणी नीट शिवून देत नाही. तुमचा हात आहे या कामात."

हात होता खरा. यजमानांच्या नामावळीच्या वह्या मी आयुष्यभर मेणाच्या दोऱ्याने शिवत आलो. यात्रेकरू येतो, आपल्या कुळात कोण जन्मले, कोण गेले, ते स्वहस्ते लिहितो, आणि त्या लिखाणाला आम्ही कधी काट मारीत नाही. एका यजमानाने माझ्या आजोबांविषयी "उपाध्ये दक्षिणेसाठी फार अडून बसतात" असे लिहून ठेवले आहे. आजोबा तेच पान त्याच्या मुलांना आणि नातवांना उघडून दाखवीत. ते घराणे आजही आमच्याकडेच उतरते.

देवव्रताची वही मी उलगडली, तेव्हा आत फाटलेल्या पानांची मुळे दिसली.

"ही पाने कुठे गेली?"

तो खाली पाहू लागला. "ललितने काढली. वाईट लिहिलं होतं लोकांनी." ललित हा त्याचा भागीदार.

"फाडलेल्या वहीला मी सुई लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने ती नऊ पाने आणून दिली. मी ती वाचली. "पनीर चिवट, चटणी उत्तम." "धुराने डोळे चुरचुरले. तरीही पुन्हा येऊ." "मुंबईची सर नाही." "मुंबईपेक्षा सरस." एकाच पानावर, एकाच संध्याकाळी दोन टेबलांनी लिहिलेली ही शेवटची दोन मते. एका पानावर मात्र एका गृहस्थाने लिहिले होते, "रविवारी कोंबडी खाल्ली. घरी गेल्यावर मुलीला उलट्या झाल्या. जपून खावे." मी सगळी पाने त्यांच्या जागी बसवली, खळ लावली, तांबड्या खारव्याच्या जाड कापडाचे वेष्टन घातले आणि म्हणालो, "ही दाराशी उंचावर ठेव. येणाऱ्याला वाचू दे. माणसाचा विश्वास त्यानेच बसतो."

त्याचा चेहरा उजळला. तेवढ्याने मीही सुखावलो. त्याच्या व्यवसायाविषयी माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

ज्येष्ठात ललित घरी आला.

"अण्णा, तुम्ही त्याला सांगा. टेबल रिकामं होईपर्यंत लोक दारात उभे राहून ती वही वाचतात. उलटीचं पान तर पाठ झालंय सगळ्यांचं. परवा बारा जणांची पार्टी वाचून हसत समोरच्या डोशाच्या दुकानात गेली."

"मग देवव्रत ते पान काढत का नाही?"

"हात लावू देत नाही. म्हणतो, अण्णांनी शिवलंय."

मी त्याच वेळी चौकात जाऊन ती वही उचलून आणायला हवी होती. परंतु आजोबांचे उदाहरण मला अढळ वाटत होते. आमचा यजमान परंपरेने बांधलेला असतो. रुसला तरी त्याला त्याच घाटावर, त्याच ओसरीवर यावे लागते. द्वारका चौकात भुकेल्या माणसाला दहा दारे उघडी असतात. एवढी साधी गोष्ट मला उमगली नाही. मी ललितला धीराचे दोन शब्द सांगून परत पाठवले.

दिवाळीनंतर उपाहारगृह बंद झाले. पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात देवव्रताला नोकरी मिळाली. निघण्याच्या दिवशी दुपारी त्याने ती वही माझ्यापुढे ठेवली.

"तुमच्याकडे असू द्या. तिकडे रद्दीत जाईल."

"ते एक पान तू का काढले नाहीस?"

"दीड वर्षानं तुम्ही माझ्या हॉटेलाबद्दल एक गोष्ट सांगितलीत, अण्णा. ती मोडायची म्हणजे..." त्याने वहीचे शेवटचे पान उघडले. ते कोरे होते. "सगळ्या नाशकाने लिहिलं यात. तुमचंच राहिलं. काहीही लिहा, वाईट लिहिलंत तरी चालेल."

मी लेखणी हातात घेतली. शाकाहारी दालन वेगळे होते, शेगड्या वेगळ्या होत्या. एका कणसासाठी तरी मला जाता आले असते. मी गेलो नव्हतो.

"मी तिथे जेवलो नाही, देवव्रता. जे चाखले नाही त्याविषयी कसे लिहू?"

"आता पेटव म्हणालात तरी शेगड्या विकून झाल्यात," तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. कोऱ्या पानावरच त्याने वही मिटली. मग वाकून नमस्कार केला आणि पिशवी उचलून गेला.

सिन्नर मागे पडल्यावर त्याचा दूरध्वनी आला. गाडीत जागा मिळाली, खिडकीजवळची. मला पुष्कळ सांगायचे होते. "जेवलास का?" एवढेच मी विचारले.

"अजून नाही, अण्णा," तो म्हणाला.