ह्यांचं नवं मन

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘तोफ’ म्हणत. शिवणाच्या दुकानात हे कापड बेतायचे, मी काजं-बटणं करायची, आणि मधूनच तोफ धडाडायची. त्या रागावर मी काय काय उपाय केले नाहीत! समजावलं, अबोला धरला, माहेरी जाऊन बसले. लग्नानंतरची सगळी वर्षं ह्या माणसाला वळण लावण्यात घातली, पण ढिम्म फरक पडला नाही.

मग हे चर्चच्या प्रार्थनागटात जायला लागले. आणि वर्षाच्या आत माणूस लोण्यासारखा मऊ! गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा माप बदलून गेलं तरी हे आपले “बरं, बरं.” शेजारीण म्हणाली, “नशीबवान आहेस गं बाई.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. डोकेफोड केली मी, आणि नाव झालं देवाचं. सरळच सांगते, मी देवावर जळत होते.

त्या रविवारी ह्यांची साक्ष होती. देवानं आपल्याला बदललं असं ज्याला वाटतं, तो सगळ्या मंडळीसमोर उभा राहून ते सांगतो. मी ठेवणीतले कपडे घालून पुढच्याच बाकावर बसले. “प्रभूनं माझं मन नवं केलं,” हे म्हणाले. चर्चच्या पाळकांचे आभार झाले, प्रार्थनागटाचे झाले, अगदी माइकवाल्याचेसुद्धा झाले. माझं नाव कुठेच नाही.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या मी ह्यांची कापडाची मोठी कात्री उचलली आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत पुठ्ठ्याचा खोका कापायला घेतला. कागद-पुठ्ठ्यानं त्या कात्रीची धार जाते. पूर्वी त्या कात्रीनं मी एवढीशी चिठ्ठी कापली तरी हे दुकान डोक्यावर घ्यायचे. म्हटलं, बघू या तरी हे मन कितपत नवं झालंय.

ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. ओठ नुसते हलत होते. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुटू दे तोफ, एकदाची सुटू दे!

“ठेव ती,” हे हळूच म्हणाले. “काय झालंय तुला?”

“काय झालंय? काल माइकवाल्याचे आभार मानलेत तुम्ही! मी कोण, गिऱ्हाईक?” माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला. समोरचा इस्त्रीवाला हातातलं काम टाकून बघायला लागला.

“तुझं नाव घेतलं असतं तर तुला काय काय बोललोय तेही सांगावं लागलं असतं. ते चारचौघांत कसं उघडं करू? तुला विचारलंही नव्हतं मी.”

पटलं मला, पण जळफळाट काही थांबेना. “तुमचं बरं आहे,” मी म्हटलं. “आयतं नवंकोरं मन मिळालं.”

“कुठलं आयतं? रोज सकाळी उठतो तेव्हा जुनंच असतं. आत्ता बघितलंस ना? तुझ्या अंगावर धावून येणार होतो. टेबल धरून देवाकडे नवं मागत होतो.”

ह्यांनी टेबलाची कड अजून सोडली नव्हती. म्हणजे हा माणूस रोज माझ्या शेजारी बसून असं झुंजत होता, आणि मी मात्र ह्यांनी हरावं म्हणून टपून बसले होते. मला लाज वाटली, पण त्याहूनही जास्त हेवा वाटला, की ह्यांना मागायला कुणीतरी आहे.

“तुझ्यासाठीही मागतो,” हे म्हणाले.

“काही नको,” मी म्हटलं. “काय म्हणायचं तेवढं सांगा. माझं मी मागेन.”