नमद्याखालची चिमणी

मी बोलतोय खरा, पण बोलणं हे माझं काम नाही. माझं काम आवाज गिळण्याचं. डोंगरात चालणाऱ्या एका जुन्या जीपच्या पत्र्याला आतून चिकटवलेला मी एक जाड नमदा आहे. माझ्यावर रबराची काळी चटई आहे, त्यामुळे गाडीत बसणाऱ्यांना मी दिसतही नाही.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. कुणाचा स्वेटर, कुणाची चादर, शाळेचे विटलेले गणवेश, असं सगळं एका यंत्राने पिंजलं, दाबलं आणि एका अंगाला चंदेरी कागद डकवून माझी गुंडाळी केली. दुकानदार मला गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणायचा, "ह्याच्यामागे कुणी ढोल बडवला तरी कळायचं नाही." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. आता ते वाक्य आठवलं की भीती वाटते.

मला विकत घेतलं जीपवाल्याने. डोंगरावर खडीची खाण आहे आणि खाणीजवळच त्याचं घर. रोज सकाळी तो मुलीला खाली शाळेत सोडतो आणि येताना खाणीच्या कामगारांना वर घेऊन येतो. रस्ता म्हणजे नुसती दगडगोट्यांची घसरण. तिसऱ्या वळणावरून खाली पाहिलं की दरीत एक गंजलेलं चाक दिसतं. खाणीच्या एका ट्रकचा इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा उतारावर तुटला होता, त्या ट्रकचं ते चाक. त्या वळणावर कामगार गप्पा थांबवतात.

मी येण्याआधी ही जीप म्हणजे तापलेला पत्र्याचा डबा होती. मुलीची पाण्याची बाटली शाळेत पोचेपर्यंत चहा करण्याजोगी व्हायची. आणि खडखडाट तर असा, की विचारू नका. मुलीचा आवाज मुळातच चिमटीत मावेल एवढा. ती काहीतरी सांगायची. बाप ओरडायचा, "काय?" ती पुन्हा सांगायची. "काय गं?" मग ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "काही नाही."

शेवटी तिची आईच म्हणाली, "अहो, त्या डब्याला आतून काहीतरी लावा. पोरगी रोज डोकं धरून घरी येते. आणि तुम्ही तर घरातही ओरडून बोलता. शेजाऱ्यांना वाटतं, आमचं भांडणच चाललंय!"

"मग काय, नसतं का चालत?" तो हसून म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी त्याने मला आणलं.

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला बसवलं. सीट काढल्या, पत्रा घासून पुसला, डिंकासारखं चिकट काहीतरी फासलं. मुलीने वर्तमानपत्राचे साचे कापून माझे तुकडे पाडले. आईने चक्क लाटणं फिरवून मला दाबलं. दारं, छप्पर, इंजिनाच्या बाजूची भिंत, सगळं झाकलं. राहिला तो दोन सीटमधला उंचवटा.

त्या उंचवट्यावर एक छोटं लोखंडी झाकण होतं. त्याच्याखाली दांड्याचा सांधा. इंजिनाचं बळ मागच्या चाकांकडे नेणारा तो दांडा, त्या ट्रकचा तुटला तसलाच. सांधा कोरडा पडला की चिवचिव करायचा. "चिमणी बोलायला लागली," असं घरात सगळे म्हणायचे. चिमणी बोलली की बाप झाकण उघडून सांध्याला ग्रीस भरवायचा. ग्रीसची वेळ कधी कुणी ठरवली नव्हती. ती चिमणीच सांगायची.

मुलगी कात्री घेऊन थांबली. "बाबा, झाकणापुरतं इथे कापायचं ना?"

बाप दाराचा पोचा हातोडीने ठोकत होता. "काय?"

तिने एकदा हातोडीकडे पाहिलं. "काही नाही."

आणि मला झाकणावरून सलग चिकटवलं गेलं.

त्यानंतरचे दिवस इतके छान गेले, की त्याचंच मला आता वाईट वाटतं. गाडीत गारवा आला, शांतता आली. खाणीचा मुकादम म्हणाला, "गाडी आहे की दवाखाना? खोकायचीसुद्धा चोरी!" आणि मुलगी बोलू लागली. शाळेतल्या बाई चष्मा कपाळावर ठेवून चष्माच कसा शोधतात, याची तिने अशी नक्कल केली, की बापाला हसू आवरेना. त्याने गाडी कडेला घेतली. "तुला हे सगळं येतं?" तो डोळे पुसत म्हणाला. "मला कसं माहीत नाही?"

त्याच दिवसांत चिमणी बोलू लागली होती. मी तिला गिळत होतो.

एका सकाळी आईने अंगणातून गाडी थांबवली. "अहो, चिमणी बोलतेय."

"आत तर काहीच ऐकू येत नाही. बस, दाखवतो." त्याने तिला एक फेरी मारून आणलं. आई कान देऊन बसली होती. मी माझं काम चोख केलं. "माझेच कान वाजले असतील," ती उतरताना म्हणाली.

मग चिवचिव थांबली. बरं वाटून नाही थांबली. तिच्या जागी ठक ठक सुरू झालं. कोरडं, जड. रोज थोडं मोठं. उतारावर ते माझ्या अंगात सुरीसारखं शिरतं आणि तिथेच राहतं. मला तोंड असतं तर ते मी कधीच बाहेर ओकलं असतं.

इंजिनाच्या उष्णतेने मुलीच्या पायाजवळचा माझा एक कोपरा परवा सुटला. रबराची चटईही तिथे मुडपली आहे. आज तिने चप्पल काढली आणि तिची टाच उघड्या पत्र्याला लागली. ते ठक ठक थेट तिच्या टाचेत शिरलं.

तिने पाय झटकन उचलला. बापाकडे पाहिलं. तो गुणगुणत होता. तिने टाच पुन्हा हळूच टेकवली. तिचा चेहरा उतरला. मला कळलं, तिलाही कळलं. चिमणी, झाकण, कात्री, सगळं तिला एका दमात आठवलं असणार.

आता सांगितलं तर मी फाडला जाईन. पुन्हा तो डबा, तो खडखडाट, ते "काय? काय?" हेही तिला कळत असणार, कारण तिचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले.

पोरी, मला फाड. नखांनी ओरबाड. मी चिंध्यांचाच आहे, चिंध्या होईन. पण एवढं ऐक: मी सगळे आवाज गिळले, तुझा तेवढा गिळला नाही. तुझ्याचसाठी तर मला आणलं होतं.

घरापासूनचा सपाट रस्ता संपला आहे. पुढे पहिलं वळण दिसतंय. बापाने गिअर बदलला आणि माझ्याखाली काहीतरी जोरात हललं.

"बाबा," ती म्हणाली. अगदी हळू, पण त्याला ऐकू गेलं.

"काय गं?"

गाडीचं नाक उताराकडे झुकलं आहे.